पहिली विश्वविजेती : वेरा मेंचिक

आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या मुली खेळात मागे आहेत, असे कोणी म्हणणार नाही. खो-खोच्या मैदानावर त्यांनी जिल्ह्याचेच नव्हे, तर देशाचे नाव राखले आहे. याच मातीतल्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने 2016 मध्ये दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला. धावणे, हुलकावणी देणे, सूर मारणे या गोष्टी मुलींना जमतात, हे आता गावोगावच्या लोकांनी मान्य केले आहे. पण जिथे धावायचे नसते, ओरडायचे नसते, दोन-तीन तास नुसते बसून विचार करायचा असतो, त्या बुद्धिबळाच्या पटासमोर मुलगी बसली की बघणाऱ्यांच्या नजरा अजूनही बदलतात. हा खेळ तिचा नव्हे, अशी एक समजूत मनात कुठेतरी दडून असते.

या समजुतीला जिने पहिल्यांदा पटावरच उत्तर दिले, त्या वेरा मेंचिकची ओळख वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. बुद्धिबळाची ती पहिली महिला विश्वविजेती. 1927 ते 1944, म्हणजे मृत्यूपर्यंत, तिचे हे पद कोणालाही हिरावून घेता आले नाही. तरीही मला तिच्या विजयांपेक्षा तिच्या पराभवांनी अधिक विचार करायला लावले. ते का, हे पुढे येईलच.

वेराचा जन्म 16 फेब्रुवारी 1906 रोजी मॉस्को येथे झाला. वडील फ्रांतिशेक मेंचिक हे मूळचे बोहेमियाचे, म्हणजे चेक. आई ओल्गा ही इंग्रज. धाकट्या बहिणीचे नावही आईवरूनच ओल्गा ठेवलेले. घर खाऊनपिऊन सुखी होते. वडिलांची गिरणी होती, राहायला मोठी जागा होती. वेरा नऊ वर्षांची असताना वडिलांनी तिला बुद्धिबळाचा पट आणून दिला आणि मोहरी कशी चालतात ते शिकवले. वाढत्या वयाच्या मुलीला बापाने आणून दिलेली वस्तू पुढे तिच्या आयुष्याला कोणते वळण देईल, हे त्या बापाला तरी कुठून ठाऊक असणार?

पुढे 1917 ची क्रांती झाली. गिरणी गेली, राहत्या घरात इतर कुटुंबांची सोय करावी लागली, खाजगी शाळा सोडून वेराला सरकारी शाळेत जावे लागले. त्या हिवाळ्यात शाळेत ना ऊब होती ना दिवे. मुले अंगावर कोट आणि शाली पांघरून मिणमिणत्या उजेडात धडे गिरवीत. अशा शाळेत एक बुद्धिबळाची स्पर्धा भरली आणि चौदा वर्षांच्या वेराने तीत वरचा क्रमांक मिळवला. तिची ही पहिली स्पर्धा.

1921 मध्ये कुटुंबाने रशिया सोडला. आई-वडिलांचे मार्ग वेगळे झाले. वडील आपल्या मुलखात परतले आणि आई दोन्ही मुलींना घेऊन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्जजवळ आपल्या आईकडे आली. पंधरा वर्षांची वेरा एका परक्या गावात, आजीच्या आश्रयाला. बापाची सावली दूर गेलेली, हातात पैसा नाही, आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे भाषा. तिला इंग्रजी येत नव्हते. परभाषेत तोंड उघडायचे म्हणजे काय संकट असते, हे खेड्यातून कॉलेजात आलेल्या आपल्यापैकी अनेकांना सांगायला नको. इंग्रजीच्या तासाला शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसणाऱ्यांत मीही होतेच. वेराने यातून जी वाट काढली ती मोठी मार्मिक आहे. बुद्धिबळ मुक्याने खेळता येते. शह द्यायला व्याकरण लागत नाही. 18 मार्च 1923 रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी, ती हेस्टिंग्जच्या बुद्धिबळ क्लबाची सभासद झाली.

हेस्टिंग्ज हे बुद्धिबळाचे जुने ठाणे. दर नाताळात तिथे मोठी स्पर्धा भरे आणि देशोदेशीचे नामांकित खेळाडू येत. त्याच क्लबात हंगेरीचे ख्यातनाम ग्रँडमास्टर गेझा मारोत्सी यांचे मार्गदर्शन वेराला मिळाले. मारोत्सींचा खेळ संयमाचा. घाईने चढाई करायची नाही, आपली बाजू पक्की बांधायची, प्याद्यांची रांग मोडू द्यायची नाही, आणि प्रतिस्पर्ध्याची चूक होईपर्यंत वाट पाहायची. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना फ्रेंच बचाव ही त्यांची आवडती रीत, तीच पुढे वेराचीही झाली. आपला नळदुर्गचा किल्ला ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही रीत लगेच कळेल. तिथे भिंत आहे, भिंतीपुढे बोरी नदीचे पाणी आहे, आणि ते पाणी अडवणाऱ्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. बाहेरून सारे शांत दिसते, पण आत शिरायला फट सापडत नाही. वेराचा डाव असा होता. तिच्या खेळात आतषबाजी नाही, असे तज्ज्ञ म्हणतात आणि ते खरे आहे. पण भिंत बांधणाऱ्याकडून आतषबाजीची अपेक्षा तरी का करावी?

1925 मध्ये तिने इंग्लंडच्या तत्कालीन महिला विजेत्या एडिथ प्राइस यांच्याशी दोन सामने खेळले आणि दोन्ही जिंकले. मात्र ती इंग्लंडची नागरिक नव्हती. त्यामुळे तिथल्या महिलांच्या अजिंक्यपदासाठी तिला खेळता येत नव्हते. अशा वेळी एक दार उघडले. जानेवारी 1926 मध्ये लंडनच्या इंपीरियल क्लबात मुलींची खुली अजिंक्यपद स्पर्धा प्रथमच भरवण्यात आली. एकोणीस वर्षांची वेरा आणि तिची बहीण ओल्गा दोघींनी नावे दिली. वेरा पहिली आली, ओल्गा तिसरी. पुढच्या वर्षी पुन्हा वेरा पहिली आणि या खेपेस ओल्गा दुसरी. ज्या घरात दोघी एकाच पटावर सराव करीत होत्या, त्याच घरात पहिले दोन्ही क्रमांक गेले. त्या काळी मुलींसाठी वेगळी स्पर्धा भरवणे हीच नवलाची गोष्ट होती. पण त्या छोट्या स्पर्धेने एका निर्वासित मुलीला घड्याळ लावून, डाव लिहून, निकालाची जबाबदारी घेऊन खेळायची सवय लावली. मुलांच्या आणि मुलींच्या स्पर्धांना कमी लेखणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

त्याच 1927 च्या उन्हाळ्यात लंडनला पहिले बुद्धिबळ ऑलिंपियाड झाले आणि त्याच्या जोडीने महिलांची पहिली जागतिक स्पर्धा. बारा स्पर्धक, अकरा डाव. वेराने दहा डाव जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि एकविसाव्या वर्षी ती विश्वविजेती झाली. त्यानंतर हॅम्बुर्ग 1930, प्राग 1931, फोकस्टन 1933, वॉर्सा 1935, स्टॉकहोम 1937 आणि ब्वेनोस आयरिस 1939 अशा सहा ठिकाणी तिने हे पद राखले. प्राग, फोकस्टन, वॉर्सा आणि स्टॉकहोम येथे तर तिने अर्धा गुणही कोणाला दिला नाही. सातही स्पर्धांत मिळून 83 डाव. त्यांपैकी 78 विजय, 4 बरोबऱ्या आणि हार फक्त एक, हॅम्बुर्गची. त्या काळी पुरुषांतला विश्वविजेता आपल्या सोयीने आव्हानवीर निवडीत असे आणि वर्षानुवर्षे पद सांभाळून बसू शकत असे. वेराला ती सवलत नव्हती. दर वेळी सगळ्यांच्या रांगेत बसून, सगळ्यांशी खेळून, तिला आपले पद नव्याने कमवावे लागे.

इथेच ती थांबली असती, तर तिचे चरित्र विजयांची एक यादी झाले असते. महिलांत तिला तोड नव्हती. पदके मिळत होती, नाव होत होते. पण तिला आपले खरे बळ किती हे पाहायचे होते, आणि त्या दिवसांत जगातले सर्वांत कठीण बुद्धिबळ पुरुषांच्या स्पर्धांत खेळले जात होते. तिने तिकडे मोर्चा वळवला. 1929 मध्ये रॅम्सगेट येथे तिने कमाल केली. माजी विश्वविजेता कापाब्लांका पहिला आला आणि त्याच्या मागे केवळ अर्ध्या गुणाने थोर खेळाडू रुबिनस्टाइन आणि वेरा, दोघे बरोबरीने. तिचे गुरू मारोत्सीही त्या स्पर्धेत होते. शिष्या गुरूच्या पुढे गेली.

त्याच वर्षी कार्ल्सबाडची प्रचंड स्पर्धा झाली. बावीस खेळाडू, त्यांत एकटी वेरा स्त्री. व्हिएन्नाचे अल्बर्ट बेकर यांना तिचे येणे हा थट्टेचा विषय वाटला. जो कोणी तिच्याकडून हरेल त्याने वेरा मेंचिक क्लबाचा सभासद व्हावे, अशी कल्पना त्यांनी काढली. पुढे घडले ते असे, की या क्लबाचे पहिले सभासद होण्याचा मान खुद्द बेकर यांनाच मिळाला. ही गोष्ट बुद्धिबळाच्या जगात सगळे हसत हसत सांगतात.

मला मात्र ती वाचताना एक जुना डाव आठवला. मी आठवीत असताना जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत खेळायला धाराशिवला गेले होते. चौथ्या फेरीत समोर एका शाळेचा मुलगा आला. मोहरी बघता बघता कमी झाली. शेवटी त्याच्याकडे राजा आणि तीन प्यादी, माझ्याकडे राजा आणि चार. मी राजा एकेक घर पुढे सरकवत नेला. त्याचा राजा एका घराने मागे पडला आणि माझ्या प्याद्याचा वजीर झाला. त्याने मुकाट्याने कागदावर सही केली आणि तो उठला. बाहेर त्याचे सोबती उभे होते. त्यांनी त्याला जे चिडवले ते डाव चुकला म्हणून नव्हे, मुलीकडून हरला म्हणून. तो रडवेला झाला. प्याद्यांचा तो शेवट मी कसा साधला, हे मात्र त्या दिवशी मला कोणी विचारले नाही. माझ्या विजयाचे कौतुक राहिले बाजूला, त्याच्या पराभवाचीच चर्चा झाली. बेकर यांच्या विनोदात जी खोच होती तीच इथेही होती. नव्वद वर्षांनंतर आणि इतक्या दूरच्या देशात त्या क्लबात नवी भरती चालूच होती!

आता त्या विनोदामागची दुसरी बाजू. कार्ल्सबाडला वेराने बेकर आणि झेमिश या दोघांना हरवले खरे, पण एकवीस डावांत तिला गुण मिळाले तीन आणि ती शेवटची आली. 1935 मध्ये ती मॉस्कोच्या मोठ्या स्पर्धेत खेळली. चौदा वर्षांपूर्वी ज्या शहरातून बालपण मागे टाकून निघाली होती, तिथे ती विश्वविजेती म्हणून परतली. आणि तिथे एकोणीस डावांत तिला दीडच गुण मिळाला. एकही विजय नाही. जन्मगावच्या लोकांसमोर, शेवटचा क्रमांक. एखादीने पुन्हा अशा ठिकाणी पाऊल ठेवले नसते. वेरा त्यानंतरही बलाढ्य खेळाडूंसमोर बसत राहिली.

माझ्या मते तिचा मोठेपणा येथे आहे. जिथे आपण जिंकणार हे ठरलेले आहे, तिथेच खेळत राहणे सोपे असते. जिथे हरण्याची शक्यता अधिक, तिथे सगळ्यांच्या नजरा झेलत बसायला निराळे धैर्य लागते. पुरुष शेवटचा आला तर तो त्या दिवशी वाईट खेळला असे म्हणत. वेरा शेवटची आली की साऱ्या स्त्रीजातीचाच निकाल लागे. ते ओझे खांद्यावर घेऊन ती खेळली. आणि त्या पराभवांच्या अधूनमधून तिने असे काही विजय मिळवले, की थट्टा करणाऱ्यांची पंचाईत झाली. हॉलंडचे मॅक्स युवे 1935 मध्ये अलेखाइन यांना हरवून विश्वविजेते झाले. त्यांना वेराने हेस्टिंग्ज येथे लागोपाठ दोन वर्षी, 1930-31 आणि 1931-32 च्या स्पर्धांत, हरवले होते. आपल्याकडचा, त्या वेळच्या अखंड हिंदुस्थानातला, पंजाबचा अद्भुत खेळाडू मीर सुलतान खान तेव्हा इंग्लंड गाजवीत होता. तोही 1931-32 च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत तिच्याकडून हरला. ज्या सर उमर हयात खान यांच्या पदरी सुलतान खान होता, त्यांच्याच घरात काम करणारी फातिमा 1933 मध्ये इंग्लंडची महिला विजेती झाली. मात्र ती मायदेशी परतली आणि तिचा खेळ तिथेच संपला. वेराला निदान क्लब होता, गुरू होता. फातिमाला परतल्यावर काय होते?

1937 मध्ये वेराने आर. एच. एस. स्टीव्हन्सन यांच्याशी विवाह केला. ते ब्रिटिश बुद्धिबळ संघटनेचे सचिव आणि वयाने तिच्याहून बरेच मोठे होते. आता ती इंग्लंडची नागरिक झाली. बुद्धिबळ आणि ब्रिज शिकवून ती कमाई करीत असे. 1939 मध्ये ब्वेनोस आयरिसला स्पर्धा चालू असतानाच दुसरे महायुद्ध पेटले. तिची जुनी प्रतिस्पर्धी, जर्मनीची सोनिया ग्राफ, हिटलरच्या झेंड्याखाली खेळायला तयार नव्हती. ती स्पर्धेनंतर अर्जेंटिनातच राहिली. वेरा मात्र इंग्लंडला परतली. लंडनच्या राष्ट्रीय बुद्धिबळ केंद्राची व्यवस्था तिच्याकडे आली. 1940 च्या बाँबहल्ल्यात ते केंद्र उद्ध्वस्त झाले. तरीही ती खेळत राहिली. 1942 मध्ये तिने वयोवृद्ध ग्रँडमास्टर जाक मीझेस यांना दहा डावांच्या सामन्यात साडेसहा विरुद्ध साडेतीन गुणांनी हरवले. 1943 मध्ये पतीचे निधन झाले.

जून 1944 मध्ये जर्मनीने लंडनवर उडते बाँब सोडायला सुरुवात केली. त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात क्लॅपहॅम भागातल्या त्यांच्या घरावर असा एक बाँब पडला. घराच्या तळघरात आसरा घेतलेली वेरा, तिची बहीण ओल्गा आणि त्यांची आई, तिघीही त्यात गेल्या. वेरा अवघी अडतीस वर्षांची होती. तिने जिंकलेली पदके आणि चषकही ढिगाऱ्यात नष्ट झाले.

राहते घर अंगावर येणे म्हणजे काय, हे आपल्या भागाला समजावून सांगावे लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने उमरगा-लोहारा पट्ट्यातली कितीतरी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. माझी आजी सास्तूरकडची. दगड-मातीच्या भिंतीखालून काय काय निघाले, हे ती क्वचितच सांगते; पण सांगते तेव्हा माणसांच्या पाठोपाठ लहानसहान वस्तूंची नावे घेते. कुणाचा डबा, कुणाची वही. वेराच्या घराच्या ढिगाऱ्याविषयी वाचताना मला आजीची ती यादी आठवली.

वेराच्या मृत्यूनंतर जागतिक पद रिकामेच राहिले. 1950 मध्ये सोव्हिएत संघाची ल्युडमिला रुडेंको विश्वविजेती झाली, तेव्हा ते भरले. पण वेराने जो प्रश्न पटावर मांडला होता, तो पुढे आपल्या महाराष्ट्राच्या दारात आला. 1974 मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांच्या पाठोपाठ जयश्री आणि रोहिणी या बहिणी पुढे आल्या आणि सुमारे दहा वर्षे हे पद एकाच घरात राहिले. हेस्टिंग्जच्या दोन बहिणींची आठवण व्हावी अशीच ही गोष्ट. 1976 मध्ये तेरा वर्षांच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या आणि एकच गदारोळ उठला. मुलीने तिथे खेळावे की नाही, हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या अध्यक्षांनी निर्वाळा दिला, की स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही. हे अध्यक्ष कोण? तर मॅक्स युवे! पंचेचाळीस वर्षांपूर्वी हेस्टिंग्जला वेराकडून दोनदा हरलेले तेच युवे. निर्णय देताना त्यांना ते डाव आठवले असतील काय, हे कोण सांगणार? पण मुलगी काय खेळू शकते, हे त्यांना कोणी पटवून द्यायची गरज नव्हती, एवढे निश्चित.

ऑलिंपियाडमध्ये विजयी महिला संघाला जो चषक देतात, त्याला वेरा मेंचिकचे नाव दिलेले आहे. 2024 मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिलांनी सुवर्णपदक मिळवले आणि त्या संघात नागपूरची दिव्या देशमुख होती. त्याच वर्षी दिव्या मुलींची जागतिक कनिष्ठ विजेती झाली होती आणि जुलै 2025 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तिने महिलांचा विश्वचषकही जिंकला. ज्या वयात वेरा मुलींच्या पहिल्या स्पर्धेला बसली, त्याच वयात एक मराठी मुलगी तिथवर पोचली.

हे सारे वाचून आनंद होतो. पण आपल्या आसपास पाहिले की मन खट्टू होते. शालेय स्पर्धांत लहान गटात मुली पुष्कळ दिसतात. नववी-दहावीनंतर त्या दिसेनाशा होतात. अभ्यास, घरकाम, परगावी जाण्याची अडचण, अशी कारणे असतात आणि ती खोटी नसतात. दहावीच्या वर्षी माझाही पट माळ्यावर गेला होता. मुली हरतात म्हणून खेळ सोडत नाहीत. हरायला मिळेल अशा पटापर्यंत त्या पोचतच नाहीत.

म्हणून आपल्या जिमखान्याला माझी एक साधी विनंती आहे. मुलींच्या कॉमन रूममध्ये कॅरम आहे. त्याच्याशेजारी दोन पट आणि एक घड्याळ ठेवावे. वसतिगृहाचे दार संध्याकाळी बंद होते, तेव्हा आतल्या मुलींनाही एक संच द्यावा. आणि महाविद्यालयाच्या स्पर्धेत मुलामुलींचे गट वेगळे ठेवायचे असले तर ठेवावेत, पण एक स्पर्धा खुली असावी. तीत पहिल्या वर्षी आम्ही मुली बहुधा हरू. दुसऱ्या वर्षीही हरू. तरी आमची नावे त्या यादीत असू द्यावीत.